पाड्यापासून फाट्यापर्यंत

शहापूर-मुरबाडकडे कामावर जायचं म्हणजे आधी फाटा गाठायचा. पाड्यावरून गावचा रस्ता, त्या रस्त्याने फाटा, फाट्यावरून एस.टी. किंवा जीप, आणि शहापूरकडच्या माणसाला त्यापुढे आसनगाव, आटगाव, खर्डी नाहीतर वासिंद स्टेशन. लोकल मिनिटावर बांधलेली असते, एस.टी.चीही वेळ ठरलेली असते. घर ते फाटा या तीन-चार, कधी सात-आठ किलोमीटरांची वेळ मात्र कुणाच्याच हातात नसते. जीप भरली की सुटते. ती भरेपर्यंत आधी येऊन बसलेला माणूस घड्याळाकडे पाहत राहतो. पहिल्या पाळीला गेटवर उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. कसाऱ्याहून येणारी नेहमीची लोकल हुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर उभं राहावं लागतं, कारण कल्याणच्या पुढे या बाजूला गाड्या मुळातच विरळ आहेत. दिवस बिघडतो तो या पहिल्या टप्प्यात.

हे पुस्तक त्या टप्प्यासाठी आहे. सायकलवर कामाला कसं जावं हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ निघाली आहेत, पण ती बहुतेक शहरातल्या नोकरदाराला समोर ठेवून लिहिलेली असतात. त्यांत गियरची सायकल असते, ऑफिसात आंघोळीची सोय असते, घामाची आणि शर्टाच्या इस्त्रीची काळजी असते. मुरबाडच्या एमआयडीसीत मशीनवर उभं राहणाऱ्याला, आसनगावच्या गोदामात पेट्या उचलणाऱ्याला, पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आशाताईला घाम येणारच आहे. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत: अंधारात डंपरवाल्याला मी दिसेन का, पावसात ब्रेक लागतील का, स्टेशनवर ठेवलेली सायकल संध्याकाळी जागेवर असेल का, आणि पंक्चर झालं तर जवळचा दुकानदार किती लांब.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. या दोन तालुक्यांत सायकलने मोटारसायकलशी शर्यत लावायची गरजच नाही. तिने संपवायचं आहे ते जीपची वाट बघणं. बिनगियरची साधी सायकल, बेताची ताकद, थोडा चढउतार धरला तरी तासाला १२ ते १५ किलोमीटर सहज होतात. म्हणजे ५ किलोमीटरांना २० ते २५ मिनिटं. तेच अंतर पायी तासाचं आहे. जीप पळते वेगात, पण भरायला किती वेळ घेईल ते सांगता येत नाही. वीस मिनिटांची खात्री कष्टकऱ्याच्या दिवसात फार मोलाची असते.

दोन तालुके शेजारी असले तरी सायकलच्या दृष्टीने दोघांची घडण निराळी आहे, आणि ही गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतलेली बरी. शहापूर हा रेल्वेचा तालुका. मुंबईची रेल्वे १८५५ मध्ये वासिंदपर्यंत आली, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचायला १८६५ उजाडलं. त्यामुळे इथली नोकरी पिढ्यान् पिढ्या लोकलला बांधलेली आहे. शहापूर गावापासून आसनगाव स्टेशन जेमतेम तीन किलोमीटर. किन्हवली, शेणवे, डोळखांब या बाजूंनी येणाऱ्यांची वाट मात्र लांबलचक. इथल्या माणसाला सायकल हवी ती घर ते स्टेशन किंवा घर ते फाटा अशी, म्हणजे प्रवासाच्या एका तुकड्यापुरती. लोकलमध्ये रोज सायकल चढवणं शक्य नाही. तेव्हा खरा प्रश्न उरतो तो ती दिवसभर कुठे ठेवायची याचा.

मुरबाडला आजही रेल्वे स्टेशन नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी ऐकत कित्येकांची नोकरी सुरू होऊन संपलीसुद्धा. या तालुक्याचा कणा म्हणजे सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाट चढणारा कल्याण-नगर रस्ता. पण मुरबाडला दुसरी एक गोष्ट लाभली: शहराला लागून असलेली एमआयडीसी. आसपासच्या गावांतून तिथे कामाला जाणाऱ्यांना गाडी बदलावी लागत नाही. घराच्या अंगणात सायकलवर बसायचं ते थेट कंपनीच्या गेटवर उतरायचं. सायकलने कामावर जाण्याचा हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त प्रकार आहे, आणि तो सगळ्याच ग्रामीण तालुक्यांना असा हाताशी मिळत नाही. म्हणून या पुस्तकात मुरबाडच्या वाचकाला उद्दिष्ट थोडं मोठं दिलं आहे, शहापूरच्या वाचकाला थोडं बारीक.

सायकलचा जागतिक इतिहास इथे दोन वाक्यांत पुरे. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राईसने पायांनी ढकलायची दोन चाकं बनवली. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये स्टार्लीने चेनची, जवळजवळ सारख्या चाकांची सायकल आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर. त्यानंतर मूळ यंत्र फारसं बदललेलं नाही, आणि आज शहापूरच्या बाजारात मिळणारी काळी उभी सायकल त्याच घराण्यातली आहे.

आपल्याकडचा इतिहास मात्र थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तो कामगाराचा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत मद्रासला टीआय, सोनीपतला अॅटलस, लुधियान्याला हिरो असे कारखाने उभे राहिले आणि विलायती सायकलचा तोरा संपून ती पगारदाराच्या आवाक्यात आली. पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या पाळ्या सुटल्या की रस्ते सायकलींनी भरून जात. आपल्या बाजूला शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याची एन.आर.सी., अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्या गेटांनीही तो काळ पाहिला. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला तर दंड, डबल सीट पकडली तर दंड, तासावर भाड्याने सायकल देणारी दुकानं, नळीच्या मधून पाय घालून हाफ पायडल मारणारी पोरं हे सगळं त्याच काळातलं. तेव्हा सायकलवर कामाला जाण्यासाठी पुस्तकाची गरज नव्हती. शेजारचा जात होता, त्याच्या मागे आपण जायचो.

मग स्कूटर आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, पुढे हप्त्यावर गाडी मिळू लागली. दोन हजार सालानंतर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून पाड्यांपर्यंत डांबर पोहोचलं, ही फार चांगली गोष्ट झाली. आणि त्या डांबरावर सायकलच्या आधी मोटारसायकल धावली. तरीही सायकल संपली असं म्हणणं खरं नाही. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना, कामावर कसे जाता, हे विचारलं गेलं. देशभरातले सुमारे १३ टक्के लोक सायकलवर जाणारे निघाले. मोटारसायकल आणि स्कूटर मिळूनही आकडा त्यापेक्षा किंचित कमीच होता. म्हणजे तेव्हाही कामावर जाणाऱ्या भारताचं चाकावरचं पहिलं वाहन सायकलच होतं. फक्त ते चालवणाऱ्यांबद्दल कुणी लिहीत नव्हतं.

लिहिलं गेलं ते दुसऱ्या सायकलस्वाराबद्दल. रविवारी पहाटे कसाऱ्याच्या रस्त्याला उभं राहिलं की तो दिसतो: अंगाला घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट, बारीक टायरची हलकी सायकल, आणि घाट चढायची जिद्द. या हौशी सायकलस्वारांबद्दल मला मनापासून आदर आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली तेव्हा आपल्या घाटात घडलेले पाय जगाला दिसले. हेल्मेटची, दिव्यांची, वेळच्या वेळी सायकल तपासण्याची सवय या मंडळींनी महाराष्ट्रात रुजवली. कामाच्या सायकलने त्यांच्याकडून ही शिस्त जरूर घ्यावी. त्यांची सायकल घ्यायची गरज नाही. दुधाची किटली, शिधा, डबा आणि कधी मागे बसलेलं लेकरू वाहून नेणाऱ्या सायकलला जाड टायर, भक्कम कॅरिअर आणि मडगार्ड लागतं.

सायकलच्या विचारात जगभर जे प्रवाह आहेत त्यांचीही नव्या वाचकाला ओळख असावी, कारण आपल्या रस्त्यांवर पुढे काय मागायचं हे त्यावरून ठरतं. अमेरिकेत जॉन फॉरेस्टर यांनी १९७६ मध्ये 'इफेक्टिव्ह सायकलिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं असं की सायकल हेही वाहन आहे, तेव्हा तिने रस्त्यात वाहनासारखंच, आपली जागा धरून चालावं. कडेला दबून चालणाऱ्यालाच धोका जास्त. याच्या उलट नेदरलँड्सचा मार्ग. तिथे १९७१ या एका वर्षात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. लोक चिडून रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' या नावाने चळवळ उभी राहिली, आणि सायकलसाठी वेगळी वाट हा सरकारी धोरणाचा भाग झाला. तिथे आज आजीबाई आणि शाळकरी पोरं निर्धास्त सायकल चालवतात ते त्या आंदोलनामुळे.

आपल्या रस्त्यांसाठी फॉरेस्टर यांचा निम्माच सल्ला घ्यावा असं माझं मत आहे. गावातल्या आणि बाजारातल्या रस्त्यावर तो अगदी बरोबर आहे: कडेच्या मातीत उतरू नका, सरळ रेषेत चला, वळताना हात दाखवा. पण कल्याण-नगर रस्त्यावर किंवा मुंबई-नाशिक महामार्गावर डंपर आणि कंटेनरच्या पुढे जागा धरून चाला, असं मी कुणाच्या पोराला सांगणार नाही. तिथे सेवा रस्ता असेल तर तो, नसेल तर आतला गावरस्ता, चार मिनिटं जास्त लागली तरी चालतील. महामार्ग ओलांडायचा असेल तर उतरून, सायकल हातात धरून ओलांडावा.

तिसरा प्रवाह आपल्याला सगळ्यात जवळचा, आणि शहरी पुस्तकांतून तो नेहमी गळतो. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई या गरीब जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवायला घेतली. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडी चालवणाऱ्या हजारो बायका शिकल्या. पाणी आणणं, मूल शाळेत सोडणं, माल बाजारात नेणं यासाठी नवऱ्याची किंवा बसची वाट बघायचं कारण उरलं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिल्यावर ती हकिगत देशाला कळली. नंतर २००६ पासून बिहार सरकारने नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि परिणाम सर्वांत ठळक होता तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात.

तीन किलोमीटरचा हा आकडा मला फार बोलका वाटतो. त्याच्या आत माणूस चालतो. त्याच्या पुढे तो थांबतो, किंवा जाणंच सोडतो. मुलगी शिकायची थांबते, बाई लांबची नोकरी नाकारते, आणि कारण विचारलं तर 'गाडीची सोय नाही' एवढंच उत्तर मिळतं. आठवीत मिळालेली सायकल बारावीनंतर बऱ्याच घरांत धाकट्या भावाकडे जाते किंवा पडवीत गंजत राहते. ती मुलगी पुढे एखाद्या कंपनीत पॅकिंगला लागते आणि तीच वाट जीपला पैसे देऊन करते. तिच्या घरच्यांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी खास विनंती आहे.

आत्ताच हे का, असं कुणी विचारेल. गेल्या पाच-सहा वर्षांनी या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पुरतं समजावलं आहे. २२ मार्च २०२० ला लोकल थांबली. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी ती जूनमध्ये सुरू झाली, बाकीच्या बहुतेकांना १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावं लागलं, तेही ठरावीक वेळांपुरतं. लगेच त्या वर्षीच्या दिवाळीत एस.टी.चा संप पेटला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही आगारांवर जगणाऱ्या गावांनी ते महिने कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. त्याच २०२१ मध्ये पेट्रोल लिटरला १०० रुपयांच्या वर गेलं. रोजचं जाऊन-येऊन २० किलोमीटर, गाडी लिटरला ५० देते असं धरलं, तर महिन्याच्या २५ दिवसांत १० लिटर, म्हणजे हजार रुपयांच्या वर नुसतं पेट्रोल. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. दहा-बारा हजारांच्या कंत्राटी पगारात हा आकडा टोचतो. साधी नवी सायकल पाच ते आठ हजारांत येते, आणि एकदा आली की वर्षानुवर्षं राहते.

रस्ते वाढले, पण ते कुणासाठी वाढले हेही बघायला हवं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता शहापूर तालुक्याच्या जमिनीवरून जातो आणि त्यावर मोटारसायकललाही परवानगी नाही, सायकलचा तर विषयच नको. दुसरीकडे, याच तालुक्यातल्या तानसा धरणातून १८९२ पासून मुंबईला पाणी जातं. आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा इथल्याच भातसा धरणाचा आहे. हे पाणी नेणाऱ्या जलवाहिन्यांच्या कडेने शहरात, मुलुंडपासून पुढे, सुमारे ३९ किलोमीटरांचा सायकल मार्ग मुंबई महापालिकेने आखला. कल्पना उत्तम आहे. पण ज्या तालुक्यातून ते पाणी निघतं, आणि जिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथल्या कामगाराला आसनगाव स्टेशनपर्यंत तीन किलोमीटरांची सुरक्षित सायकलवाट मिळावी, एवढं मागणं फार मोठं नाही.

अडचणी लपवून कुणाला सायकलवर बसवायचं नाही. पहिली अडचण पावसाची. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख आहे. आवणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखल येतो, खड्डा पाण्याखाली जातो, ओल्या रिमवर ब्रेकचे रबर घसरतात. त्या चार महिन्यांत ब्रेक नेहमीपेक्षा लवकर दाबायचे, पाण्याने भरलेल्या भागातून जायचं टाळायचं, आणि धो धो पडत असेल त्या दिवशी सरळ जीप धरायची. एखाद्या दिवशी जीप धरल्याने सायकल सुटत नाही. दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि दुपारच्या पाळीला निघणाऱ्याला त्याचा खरा चटका बसतो. तिसरी अंधाराची. रात्रपाळी सुटल्यावर बिनदिव्याच्या रस्त्याने घरी येणं हे धाडस समजू नये, त्याची तयारी करावी. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पायडलला आणि चाकांना रिफ्लेक्टर, अंगात फिकट रंगाचा शर्ट. सगळं मिळून जीपच्या आठवड्याभराच्या भाड्यात बसतं.

सगळ्यात अवघड अडचण मनातली आहे. 'पोरगा कंपनीत लागला आणि अजून सायकलवरच जातो' हे वाक्य आमच्या गावांत आजही ऐकू येतं. लग्न ठरताना गाडी विचारली जाते. शहरात सायकल मानाची झाली, गावात ती गरिबीची खूण राहिली. यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही, एक निरीक्षण आहे: ज्या कंपनीच्या गेटवर चार-पाच जण सायकलने येतात तिथे सहावा लाजत नाही. म्हणून शक्यतो एकट्याने सुरुवात करू नका. एकाच गावच्या, एकाच पाळीच्या दोघा-तिघांनी मिळून निघावं. अंधारात सोबत होते, पंक्चरला हात लागतो, आणि बोलणाऱ्याचं तोंडही बंद होतं.

दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर, कारण सायकल सुटते ती बहुधा इथेच. बाजारातली बरीच दुकानं आता मोटारसायकलवर चालतात. जुना मिस्त्री असेल तर त्याच्याकडे तासभर बसून बघण्यासारखं आहे. तो टायर लिव्हरने उचकटतो, ट्यूब बाहेर काढून थोडी हवा मारतो आणि पाण्याच्या घमेल्यात फिरवतो. बुडबुडा आला तिथे बोट ठेवतो. मग पत्र्याच्या किसणीने ती जागा खरवडतो, सोल्युशन लावून फुंकर मारत वाळू देतो, आणि जुन्या ट्यूबचा गोल तुकडा दाबून बसवतो. एवढं बहुतेकांनी पाहिलेलं असतं. नवखा माणूस पुढची पायरी विसरतो: मिस्त्री टायरच्या आतून चारी बाजूंनी बोटं फिरवतो, कारण कुंपणाचा काटा अजून तिथेच अडकलेला असतो आणि तो काढला नाही तर पुढच्या वळणावर पुन्हा पंक्चर. चाक डुगडुगायला लागलं तर त्याचा आऊट काढायला मात्र मिस्त्रीकडेच जावं. हवा, चेनचं तेल, ब्रेकचे रबर, वालट्यूब आणि पंक्चर या पाच गोष्टी प्रत्येकाला यायलाच हव्यात, आणि त्या एका रविवारात शिकून होतात.

कायद्याच्या काही गोष्टी कामगारांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथेच नोंदवतो. ज्याला ईएसआय लागू आहे त्याला घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच अपघात धरला जातो. २०१० च्या दुरुस्तीने ही तरतूद कायद्यात आली. तो माणूस सायकलवर होता म्हणून हक्क कमी होत नाही. धडक देऊन वाहन पळून गेलं तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजार रुपयांची भरपाई ठरलेली आहे. आणि बॅटरीची सायकल घ्यायची असेल तर तिची मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरांच्या आत आणि वजन बॅटरी सोडून ६० किलोंच्या आत असेल तरच ती लायसन्स आणि पासिंगच्या बाहेर राहते. चढाच्या वाटेवर, गुडघे दुखणाऱ्यांना ती उपयोगी आहे. मात्र पाड्यावर वीज किती तास असते ते बघून पैसे घालावेत.

हे पुस्तक या सगळ्या पार्श्वभूमीवर काय करू पाहतं ते सांगून थांबतो. त्यात सांगितलेली प्रत्येक वस्तू शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारात मिळावी आणि प्रत्येक काम घरच्या पान्ह्याने व्हावं, हा नियम पाळला आहे. वाचकाकडे साधी, बहुधा जुनी सायकल आहे असं धरलं आहे. रस्त्यांचं बोलणं करताना महामार्ग शक्य तितका टाळून गावरस्त्यांनी जायची रीत सांगितली आहे, आणि प्रत्येकाने आपल्या वाटेचा नकाशा स्वतः काढावा असा आग्रह धरला आहे, कारण कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात आणि कुठला मोरीपूल पहिल्या पावसात बुडतो हे बाहेरच्याला कळत नाही. स्त्रियांसाठी वेगळं प्रकरण ठेवलेलं नाही. पुस्तकभर त्या आहेतच. ग्रामसभेत मांडायचा ठराव आणि कंपनीच्या व्यवस्थापनाला द्यायचं पत्र यांचे नमुने दिले आहेत. सायकलला छप्पर, साखळी बांधायला लोखंडी कठडा आणि तिथे एक दिवा, एवढ्या तीन गोष्टी मागायला दोन ओळी पुरतात. स्टेशनवरच्या स्टँडसाठीही हीच मागणी आहे.

सुरुवात दिवाळीनंतर करावी. भात झोडून झालेलं असतं, रस्ते कोरडे असतात, सकाळी गारवा असतो, आणि फेब्रुवारीपर्यंतच्या तीन महिन्यांत पाय सरावतात. आधी एका रविवारी रिकाम्या रस्त्याने कामाच्या ठिकाणापर्यंत जाऊन यावं, वेळ बघावी, हवा भरून देणारी दुकानं लक्षात ठेवावीत. सीट अशी लावावी की पायडल खाली असताना टाच टेकवली तर पाय जवळजवळ सरळ राहील; बहुतेकांची सीट खालीच असते आणि गुडघे त्यामुळे दुखतात. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस सायकल, बाकी दिवस नेहमीची जीप. उन्हाळा लागला की दुपारच्या पाळीला जीप आणि पहिल्या पाळीला सायकल अशी वाटणी करून घ्यावी. आणि मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या आत, चेन रॉकेलने धुवून नवं तेल द्यावं, ब्रेकचे रबर बदलावेत आणि मागच्या मडगार्डला जुन्या ट्यूबची झडप बांधून घ्यावी.